ग्रॅमताईंचं हलकं क्रंबल

आमच्या मजल्यावर समोरासमोर दोनच दारं आहेत. एक आमचं, दुसरं ग्रॅमताईंचं. त्यांचं खरं नाव पाटीवर आहे, पण ते फक्त पोस्टमन वाचतो. हे टोपणनाव मीच त्यांना दिलं असा माझा बरीच वर्षं समज होता. मग कळलं, दवाखान्यातही त्यांना हेच म्हणायचे. चौतीस वर्षं त्या एका मोठ्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे होत्या. पुड्या बांधल्या, मलमं घोटली, बाटल्यांवर कागदाची पट्टी चिकटवून डोस आखले. निवृत्त झाल्या, पण हात काही निवृत्त झाला नाही.

लग्न होऊन मी इथे आले त्या आठवड्यात त्यांच्याकडे वाटीभर पीठ मागायला गेले होते. त्यांनी वाटी घेतली, काट्यावर ठेवली, पीठ घातलं, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "एकशे दहा आहे. परत आणशील तेव्हा वाटी दाबून भरू नकोस, माझ्याकडे दाबलेलं पीठ चालत नाही." मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. पण त्याच बाईंनी माझ्या लेकाच्या कानदुखीत दोन रात्री औषधाचे थेंब मोजून घातले, सासूबाईंच्या रक्तदाबाची वही तीन वर्षं भरली. मोजणं ही त्यांची माया करायची रीत आहे, हे मला हळूहळू उमगलं.

घरात तिघं. त्या, त्यांचे यजमान आणि धाकटी बहीण; मुलगा आणि सून दुसऱ्या गावी, सुट्टीत येतात. यजमान शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. गोड माणूस. जिन्यात भेटले तरी दोन विनोद सांगितल्याशिवाय खाली उतरू देत नाहीत. धाकटी माझ्याच वयाची, कपड्यांच्या दुकानात मापं घेते. तिलाही अख्खी इमारत धाकटीच म्हणते, अगदी शाळेतली पोरंसुद्धा.

वर्षअखेरच्या सुट्ट्या आल्या की या घरात क्रंबल व्हायचं. मला आधी तो पदार्थ माहीतही नव्हता. खाली चिरलेली फळं, वर पीठ, साखर आणि बटर बोटांनी चोळून केलेला भुगा, आणि ओव्हनमध्ये सोनेरी होईपर्यंत भाजायचं. फळं खाली रटरटतात, भुगा वर कुरकुरीत होतो. सुट्टीचे दोन महिने दर रविवारी संध्याकाळी तो वास जिन्यात उतरायचा. माझा लेक त्या वेळेला काहीतरी निमित्त काढून समोर जायचाच.

चार वर्षांपूर्वी मास्तरांच्या छातीत दुखलं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत दोन नळ्या घालाव्या लागल्या. डॉक्टरांनी यादी दिली त्यात सगळ्यात वर बटर आणि त्याखाली साखर. ग्रॅमताईंनी ती यादी फ्रीजच्या दाराला लावली आणि फ्रीजमधलं बटर त्याच दिवशी आमच्याकडे आणून दिलं. "तुमची पोरं वाढती आहेत, खाऊ देत." त्यांच्या घरात बटर यायचं बंद झालं ते तेव्हापासून.

"मग या वर्षी क्रंबल नाही?" मास्तरांनी विचारलं. मी समोरच होते. खुर्चीवर शाल घेऊन बसलेला तो माणूस लहान मुलासारखा दिसत होता.

"कोण म्हणालं नाही?" ग्रॅमताई म्हणाल्या. "हलकं करू."

आणि मग त्या कामाला लागल्या. तीन आठवडे वही, काटा आणि खाडाखोड. नव्वद ग्रॅम बटर होतं ते शून्य. त्याऐवजी दोन चमचे तेल आणि संत्र्याचा रस. मैदा निम्मा, बाकी ओट्स. साखर पूर्ण बाद, तिच्या जागी पिकलेले पेअर आणि काळ्या मनुका. दालचिनी जरा जास्त, म्हणजे जिभेला गोड असल्याचा भास होतो, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या रविवारी सगळ्यांना वाटीत वाढलं. आम्हालाही बोलावलं होतं. काय सांगू, मला आधीच्यापेक्षा आवडलं. वरचा थर कुरकुरीत, खाली फळांचा दाट पाक. मास्तरांनी दोनदा घेतलं, वाटी निपटून काढली आणि म्हणाले, "अगं, हे हलकं असेल तर मी जन्मभर हलकंच खाईन."

ग्रॅमताईंचे डोळे भरून आले. त्यांना मी तेव्हा पहिल्यांदा रडताना पाहिलं. पदरानं डोळे टिपून त्या म्हणाल्या, "घ्या, अजून घ्या. हलकंच आहे."

हे वाक्य पुढे त्या घरात कायमचं झालं. हलकंच आहे, घ्या अजून. दोन महिने दर रविवारी भांडं भरायचं आणि मास्तर बुधवारपर्यंत ते संपवायचे.

मी कृती मागितली. ग्रॅमताईंनी ती लिहून दिली, ग्रॅमसकट. मी केलं. ओव्हनमधून निघाली ती खडी. लेकानं चमचा घातला आणि म्हणाला, "आई, कुठे बांधकाम चाललंय का?" मी जाऊन ताईंना सांगितलं तर मलाच बोलणी बसली. "अंदाजपंचे केलं असशील. तुमच्या पिढीला चमचा म्हणजे काय तेच माहीत नाही." मी चिडून काटा विकत आणला. पुन्हा केलं. पुन्हा खडी. "मग तुझा ओव्हन खोटा," ताई म्हणाल्या. "माझ्या घरी सगळे मिटक्या मारत खातात ते काय वेडे म्हणून?"

तळमजल्यावरच्या बाईंचं तसंच झालं. त्यांनाही हेच ऐकावं लागलं.

मग तिसऱ्या वर्षीच्या सुट्टीत एका शनिवारी धाकटी माझ्याकडे आली. हातात पिशवी. हसू दाबत होती.

"एक काम होतं. हे तुझ्या फ्रीजमध्ये ठेवशील? मागच्या बाजूला."

पिशवीत बटरचे दोन पुडे होते.

"हे कशाला?"

"तुझं क्रंबल का बिघडतं ते सांगू? कारण ताईचंही बिघडतं." ती खुर्चीत बसली आणि खो खो हसायला लागली. "पहिल्या वर्षी, पहिल्याच रविवारी ती भांडं ओव्हनमध्ये ठेवून फिरायला गेली. मी दार उघडून बघते तर वरती वाळू. मास्तर मागून आले, बघितलं, म्हणाले, बिचारी तीन आठवडे खपली आहे गं, काहीतरी कर. मी खाली दुकानात पळाले. बटर वितळवलं, त्यात साखर, आणि ओतलं वरून. झालं. ती परत आली तेव्हा वास सुटला होता."

"आणि मग?"

"मग ती रडली ना! तू होतीस की तिथे. तेव्हापासून कोण सांगणार? पण पुडा घरात ठेवता येत नाही, ती रोज फ्रीज पुसते."

मी हसले. खरं सांगायचं तर मला आधी बरंच वाटलं, कारण माझा ओव्हन खोटा नव्हता. सुट्टीची दोन महिन्यांची तर गोष्ट, असं म्हणून मी ते पुडे दुधाच्या मागे सरकवले. नळ्या घातलेल्या माणसाच्या पोटात ते जाणार आहेत, आणि हलकं म्हणून दुप्पट जाणार आहेत, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. किंवा आलं असेल आणि मी ते पुड्यांबरोबरच मागे सरकवलं असेल. पुढची दोन वर्षं सुट्ट्या लागल्या की माझ्या फ्रीजमध्ये दुधामागे बटर असायचं. कधी धाकटी न्यायला यायची, कधी मास्तर स्वतः. त्यांनाही हात बसला होता. "काय वहिनी, आमचा माल आहे ना?" असं डोळा मिचकावत विचारायचे.

या वर्षी गोष्ट जरा वाढली. आमच्या भागातल्या आरोग्य केंद्रात हृदयाच्या रुग्णांसाठी एक आहारतज्ज्ञ बाई बसतात. ग्रॅमताईंनी क्रंबलची इतकी तारीफ त्यांना ऐकवली होती, आणि मास्तरांनी शेजारी बसून इतकी मान डोलावली होती, की त्या म्हणाल्या, सुट्टीसाठी आम्ही एक पत्रक छापतोय, त्यात तुमची कृती घालू. शंभर-दीडशे घरांत जाईल. फक्त सोमवारपर्यंत द्या, आणि भाजून झाल्यावर एका माणसाच्या वाट्याचं वजन किती भरतं तेही लिहा.

ग्रॅमताईंचा आनंद बघायला हवा होता. चौतीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेली औषधं त्यांनी खिडकीतून दिली होती. आता त्यांनी लिहिलेलं काहीतरी लोकांच्या हातात जाणार होतं. रविवारी दुपारी मला हाक मारली. "तुझं अक्षर चांगलं आहे, माझं डॉक्टरांनासुद्धा लागत नाही. बस इथे, मी सांगते तसं लिही."

खरं म्हणजे मी त्याच वेळी बोलायला हवं होतं. दीडशे घरं. मी वही उघडली आणि शीर्षक लिहिलं.

काचेचं भांडं रिकामं नऊशे दहा ग्रॅम. फळं, मनुका, वरचा भुगा, सगळं मिळून बाराशे साठ. म्हणजे भरलेलं भांडं दोन हजार एकशे सत्तर. त्यांनी काट्यावर ठेवून दाखवलं, मी लिहून घेतलं. भांडं ओव्हनमध्ये गेलं. पाऊण तासाची घंटी लावून त्या नेहमीसारख्या फिरायला गेल्या आणि मी माझ्या घरी आले. पंधरा मिनिटांनी मास्तर आले, पुडा घेऊन गेले. मी त्यांना म्हटलं, "मास्तर, आज नको. आज ते लिहून द्यायचंय." ते म्हणाले, "म्हणून तर आज चांगलं व्हायला पाहिजे!" आणि गेलेसुद्धा.

चौतीस वर्षं तोलणाऱ्या बाईबरोबर राहून त्या दोघांच्या डोक्यात एक गोष्ट कशी आली नाही, याचं मला अजून नवल वाटतं. आजवर ताई घालायच्या वस्तू तोलायच्या. झालेलं क्रंबल त्यांनी कधी तोललं नव्हतं. आज तोलणार होत्या, आणि हे त्यांनी सकाळपासून सगळ्या घराला दहा वेळा सांगितलं होतं.

घंटी झाली. ताईंनी भांडं बाहेर काढलं. थोडं निवू दिलं, काट्यावर लाकडी फळी ठेवून तिचं वजन वजा केलं, वर भांडं ठेवलं.

"लिही," त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

काट्यावर दोन हजार दोनशे पंधरा दिसत होतं.

त्यांनी भांडं उचललं, पुन्हा ठेवलं. तेच. मग मिठाचा किलोचा न फोडलेला पुडा आणला, तो ठेवला. बरोबर भरला. दोन पुडे ठेवले. बरोबर. पुन्हा भांडं. दोन हजार दोनशे पंधरा.

"पंचेचाळीस ग्रॅम वाढलं," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, खिडकीतून विचारत असतील तसा. "ओव्हनमधून वाफ जाते. वस्तू हलकी होते. शंभर-सव्वाशे कमी भरायला हवं होतं. म्हणजे दीडशेच्या आसपास काहीतरी आत गेलंय."

मी वहीकडे बघत होते.

त्यांनी चमच्यानं वरचा थर उचलला, उजेडात धरला, दोन बोटांत चोळला. बोटं चकाकली. मग ती बोटं त्यांनी नाकाशी नेली. मलम घोटताना असंच करत असणार.

"घरात बटर नाही," त्या म्हणाल्या. "काल मी फ्रीज पुसला. मग हे आलं कुठून?"

त्या मला विचारत नव्हत्या. स्वतःशीच बोलत होत्या. मी गप्प राहिले असते तर चाललं असतं. पण त्यांनी वर बघितलं आणि माझा चेहरा त्यांना दिसला.

"माझ्या फ्रीजमधून," मी म्हटलं.

त्यांनी चमचा खाली ठेवला. "तुला माहीत होतं?"

"दोन वर्षं."

"आणि तू मला येऊन सांगायचीस, ताई माझं कोरडं होतं."

"ते आधी. मला कळायच्या आधी."

"कळल्यावर नाही सांगितलंस."

मी वही मिटली. ताईंनी हाक मारली. मोठ्यानं नाही, पण धाकटी आणि मास्तर दोघंही बाहेरच्या खोलीतून लगेच आले, म्हणजे दोघं कान देऊनच बसले असावेत. काट्यावर भांडं बघितलं आणि धाकटी हसायला गेली, पण ते हसू तिच्या तोंडावरच अडकलं.

"अगं ताई, जरासं गं. चव यायला."

"दीडशे ग्रॅम."

"दीडशे काय, मी काय मोजते का?"

"नाही. तू मोजत नाहीस," ताई म्हणाल्या. "किती वर्षं?"

मास्तर पुढे आले, त्यांनी नेहमीचा आवाज काढला. "अगं, तुझं मन मोडू नये म्हणून. पहिल्या वर्षी तू रडलीस, आठवतं? आनंदानं रडलीस. मी काय म्हणणार होतो, बाईसाहेब, तुमचं क्रंबल म्हणजे वाळू आहे?"

"हो," ताई म्हणाल्या. "तेच म्हणायचं होतंत."

"इतकं काय त्यात? प्रेमापोटीच केलं ना?"

"गेल्या वर्षी डॉक्टरांनी तुमची कोलेस्टेरॉलची गोळी दुप्पट केली. आठवतं?"

मास्तर मिठाचा पुडा उचलून जागेवर ठेवायला लागले.

"मी त्यांना विचारलं, माझं कुठे चुकतंय? तुम्ही शेजारी बसला होतात. घरी आल्यावर मी तुमचं सकाळचं दूध निम्मं केलं. अंड्यातलं पिवळं काढून टाकलं. माझ्या स्वतःच्या ताटातलं तेलसुद्धा कमी केलं, तुम्हाला एकट्याला फिकं खायला लागू नये म्हणून. वर्षभर मी काय चुकतंय ते शोधत होते. तुम्ही माझ्यासमोर बसून ते फिकं जेवण जेवत होतात आणि मला शोधू देत होतात."

"ताई, दाजींचा एकट्यांचा दोष नाही," धाकटी म्हणाली.

"तुझंही येतं. दम धर." मग एकदम थकल्यासारख्या त्या स्टुलावर बसल्या. "मुलाला माहीत आहे?"

धाकटीनं मास्तरांकडे बघितलं. तेवढं पुरलं.

"सुनेलाही असणार मग. गेल्या खेपेला ती म्हणाली, आई, तुमच्यासारखं माझ्या हातून होत नाही." ताईंनी भांड्याकडे बघितलं. सोनेरी थरात जिथे चमचा घातला होता तिथून पाक वर आला होता. दिसायला ते सुंदर होतं. "चार वर्षं मी हे सगळ्यांना वाढलं. स्वतः खाल्लं. मनात म्हटलं, जमलं बाई आपल्याला. आणि माझं क्रंबल मी अजून एकदाही खाल्लेलं नाही."

मास्तरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ताईंनी तो झटकला नाही. नुसत्या उठून उभ्या राहिल्या, त्यामुळे हात आपोआप खाली आला.

"वही ठेव इथे," त्या मला म्हणाल्या. "आणि तुझ्याकडे जे काही उरलंय ते मास्तरांना आणून दे. त्यांचा माल आहे."

मी घरी आले. पुडा आणून दिला तेव्हा दार मास्तरांनी उघडलं. त्यांनी डोळा मिचकावला नाही.

सोमवारी ताईंनी आरोग्य केंद्रात नुसता निरोप पाठवला, गुरुवारी येते. त्या तीन दिवसांत जिन्यात जे ऐकू आलं ते असं: ओव्हनची घंटी, भांड्यांचा आवाज, पुन्हा ओव्हनची घंटी. बोलण्याचा आवाज नाही. धाकटी सकाळी दुकानात जाताना माझ्या दाराशी घुटमळली. "बोलत नाहीये गं. चहा देते, बरोब्बर साखर घालून देते, पण बोलत नाही. भांडली असती तर बरं होतं."

"तू माफी मागितलीस?"

"मागितली की. म्हणते, कशाची मागतेस ते आधी ठरव. बटरची की हसण्याची." तिनं पर्सचा पट्टा नीट केला. "मी हसायचे हे तिला कोणी सांगितलं?"

मी सांगितलं नव्हतं. पण तिला खरं वाटलं नाही, आणि तिची तरी काय चूक.

बुधवारी दुपारी आमच्या दारावर थाप पडली. ताई एक वाटी घेऊन उभ्या. आत आल्या नाहीत.

"खा. आणि खरं सांग."

मी उंबऱ्यातच उभ्या उभ्या खाल्लं. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"कोरडं आहे," मी म्हटलं.

"पुढे."

"ओट्स कच्चे लागतात. खालचं चांगलं आहे, पण वरचं दातांत जातं. आणि दालचिनी कडू होते, जास्त झाल्यामुळे."

"हे पहिल्या कृतीचं," त्या म्हणाल्या आणि मागे लपवलेली दुसरी वाटी पुढे केली. "हे आता."

दुसऱ्यात फळं आधी झाकण ठेवून शिजवली होती. त्यांचा सुटलेला रस ओट्सवर शिंपडून, ओट्स वेगळे भाजून मग वर घातले होते. बटर नाही, साखर नाही. आधीच्यासारखं ते नव्हतंच. पण खाण्यासारखं होतं. फळाची चव फळासारखी लागत होती.

"हे बरं आहे," मी म्हटलं. "ते जे आपण खायचो तसं नाही. पण बरं आहे. मी दुसरी वाटी मागेन असं नाही, पण एक संपवीन."

त्यांनी मान हलवली. "हे मला चार वर्षांपूर्वी कळलं असतं. पहिल्या रविवारी एकानं तोंड वाकडं केलं असतं तर दुसऱ्या रविवारपर्यंत मी इथे पोचले असते." वाट्या परत घेतल्या. "उद्या दहाला केंद्रात जायचंय. तू ये. अक्षर तुझं आहे, खाडाखोडही तुलाच करावी लागेल."

मी म्हटलं, "ताई, मी चुकले."

"हो," त्या म्हणाल्या आणि आपल्या घरात गेल्या.

गुरुवारी आम्ही तिघं गेलो. मास्तरांची तपासणी त्याच दिवशी असते, म्हणून तेही. वाटेत त्यांनी एक विनोद सुरू केला, अर्ध्यावर सोडला. केंद्रातल्या व्हरांड्यात हिरवी बाकं आहेत, भिंतीवर ताटांची चित्रं, अर्धं ताट भाज्यांचं. आधी ताई आणि मी आत गेलो. मास्तर बाहेर बसले.

आहारतज्ज्ञ बाई तरुण आहेत, लगबगीच्या. "या, या! तुमचीच वाट बघतेय. सगळं पत्रक जुळवून झालंय, तुमचा रकाना तेवढा मोकळा आहे."

ताईंनी वहीची दोन पानं टेबलावर ठेवली. "ही जुनी, जी मी तुम्हाला तोंडी सांगितली होती. ती नका छापू. होत नाही ती. ही नवी. हीसुद्धा मी फक्त चार वेळा करून बघितली आहे, तेव्हा तसं लिहा. आणि खाली लिहा, आधीच्या बटरच्या क्रंबलसारखी चव येणार नाही. लोकांना आधी सांगितलेलं बरं."

बाईंनी पानं बघितली. "पण जुनी तर तुमच्याकडे सगळ्यांना फार आवडते ना? मास्तर तर म्हणाले होते, मूळच्यापेक्षा छान."

"आवडायचं ते दुसरंच होतं."

"म्हणजे?"

मला वाटलं, आता त्या सगळं सांगतील. टेबलावर मास्तरांची फाईल होती, वर लाल पेननं गेल्या वर्षीचा कोलेस्टेरॉलचा आकडा. बाईंनी सवयीनं ती उघडली. सवयीनंच पेन काढलं आणि ताईंकडे वळल्या. चार वर्षं प्रत्येक खेपेला ताईच सांगत आल्या होत्या, सकाळी काय, दुपारी काय, किती ग्रॅम. मास्तर शेजारी बसून भिंतीवरची चित्रं बघायचे.

"बरं, या महिन्यात त्यांनी काय काय खाल्लं? गोड, तेलकट?"

"मला माहीत नाही," ताई म्हणाल्या.

बाईंनी पेन थांबवलं.

"मी काय वाढलं ते मी सांगू शकते. त्यांनी काय खाल्लं ते मला माहीत नाही. कधीच नव्हतं. ते बाहेर बसलेत, त्यांना विचारा." त्या उठल्या, खुर्ची जराशी मागे सरकवून ठेवली, आणि दार उघडलं. "अहो, या. तुम्हाला विचारतायत."

मास्तर आत आले. त्यांनी ताईंकडे बघितलं, त्या आता शेजारी बसतील या अपेक्षेनं दुसरी खुर्ची ओढायला हातही घातला. ताई त्यांच्या बाजूनं बाहेर निघून गेल्या. मी त्यांच्या मागे गेले.

दार पूर्ण लागलं नव्हतं. आम्ही बाकावर बसलो. मी जवळ सरकले तेव्हा ताईंनी हातातली पर्स आमच्या दोघींच्या मध्ये ठेवली, नीट, उभी. आतून बाईंचा आवाज आला, "सांगा, मास्तर, घाबरू नका," आणि खुर्ची सरकल्याचा. मग मास्तर खाकरले. हळू आवाजात, एकेक शब्द थांबून, ते सांगायला लागले, "दर रविवारी..."

ताई समोरच्या भिंतीवरच्या ताटाकडे बघत होत्या. ऐकत होत्या की नाही, कळत नव्हतं. मी विचारलं नाही.